माहेरचे चार टायर

"बाई, त्ये जुनं टायर कुणाला बी द्या, पर आमच्या मामंजीच्या पायात जाऊ देऊ नगासा," असं रंगुबाईने मला सांगितलं होतं. भांडी घासता घासता, मान वर न करता सांगितलं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली आहे. टायर या विषयावर भांडी घासणाऱ्या बाईचं ऐकायचं म्हणजे पदवी परत करण्यासारखं मला वाटलं असावं.

तिचं म्हणणं असं होतं की तिचे सासरे ज्योतिबा यांच्या डोक्यातून धरण पुसून गेलं होतं. म्हणजे धरण बांधलं, पाणी अडवलं, त्यांचं गाव त्या पाण्याखाली गेलं, आणि सगळ्यांना वर डोंगरात नव्या वाडीत आणून बसवलं, ही दहा-बारा वर्षं ते पार विसरले होते. गाव तेवढं जसंच्या तसं आठवत होतं. पायात काही असलं की ते घरी जायला निघायचे, आणि घर होतं पाण्याच्या तळाशी. अनवाणी असले की तापल्या खडीवर शंभर पावलांत तळवे पोळायचे आणि माघारी यायचे. म्हणून रंगुबाईच्या नवऱ्याने बापाच्या वहाणा चुलीत घातल्या होत्या.

"सत्तरीचा माणूस, मे महिना, आणि पायात काही नाही?" मी म्हटलं. "तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वाटतंय की, बाई. पर त्यो पान्यात गेला तर लय वाटंल."

यावर मी काहीतरी सुशिक्षित उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, हे बरंच आहे.

पण आधी टायर. आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत राहायला. हे, म्हणजे माझे यजमान जिनदत्त, प्रकल्पावर ज्युनियर इंजिनियर. त्यांच्याकडे धरणाच्या पाण्याची रोजची उंची रजिस्टरात उतरवण्याचं काम. आमची एक स्वतःची जीप होती. लष्कराने लिलावात काढलेली, हिरव्या रंगाखाली आणखी हिरवा रंग असलेली. तिला गिअरच्या दांडीशेजारी अजून एक दांडी होती. ती ओढली की चारी चाकं ओढायला लागायची. एरवी मागची दोनच राबायची आणि पुढची दोन नुसती बरोबर यायची, पुष्कळ घरांत असतं तसं.

जीप चैनीसाठी नव्हती. आमच्या चंदनाला, वय पावणेदोन वर्षं, पावसाळ्यात घसा दाटून यायचा. कुत्रं भुंकावं तसा खोकला, ओठ निळे, आणि डॉक्टर मिरजेला. मागच्या ऑगस्टात आम्ही तिला घेऊन निघालो तेव्हा कराडच्या अलीकडे गाडी दोनदा आडवी झाली होती. तेव्हापासून मी रोज सकाळी मुलीचा श्वास आणि गाडीचे टायर असे दोन्ही तपासत असे. श्वास ठीक होता. टायर माझ्या सासूबाईंच्या तळहातासारखे गुळगुळीत झाले होते. सात जूनच्या आत नवे टायर हवे होते.

आता टायर घ्यायचे म्हणजे दुकानात जाऊन टायर घ्यायचे, अशी माझी भाबडी समजूत होती. ह्यांनी मोठा ड्रॉइंगचा कागद काढला. आडवे बारा महिने, उभे चार रस्ते: कुंभार्ली घाट, कोयनानगर ते कराड, कराड ते सांगली, आणि सांगलीच्या पुढे जतकडचा, जिथे आम्ही वर्षातून एकदा लग्नाला जातो. प्रत्येक चौकोनात हवामान. जुलै-घाट: चिखल, धुकं, दगड. एप्रिल-जत: वितळलेलं डांबर. ऑक्टोबर-सांगली: काळ्या मातीचा राडा. चार दिवस रंगीत पेन्सिली चालल्या. निष्कर्ष असा निघाला की बारा महिने चालेल असा टायर जगात नाही. तीन संच घ्यावेत आणि ऋतुमानाप्रमाणे बदलावेत.

"स्वेटरसारखे?" मी विचारलं.

"तत्त्व तेच आहे," हे गंभीरपणे म्हणाले.

मग कॉलनीने मतं दिली. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांची मतं सर्वांत ठाम होती. कोणी म्हणालं जुन्यांवरच रबर चढवून घ्या, कोणी म्हणालं पुढे दोन रस्त्याचे आणि मागे दोन चिखलाचे लावा. हे ऐकून शेजारचे मानसिंग खुर्चीतून उठलेच. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आयुष्य अशाच गाड्या चालवण्यात गेलेलं, आता प्रकल्पाच्या गॅरेजात होते.

"वहिनीसाब, आसं कवाच करू नका. चारी चाकं एका मापाची, एका नक्षीची पायजेत. न्हाईतर पुढची चाकं म्हनत्यात इतकं चालू, मागची म्हनत्यात तितकं, आन् मधल्या मधी गिअर मरतोय. आन् नक्षी म्हनाल तर हीच घ्या, मिल्ट्रीची." त्यांनी बूट टेकवून आमच्या जुन्या टायरची उरलेली नक्षी दाखवली. "ही बगा. सुलट बी तशीच, उलट बी तशीच. गाडी वाळूतनं गेली आन् मागनं दुश्मन आला, तर त्याला खुणेवरनं कळतच न्हाई गाडी आली का गेली. उभा ऱ्हातोय डोकं खाजवत."

"आणि आपण आलो की गेलो, हे आपल्याला कळतं का?"

"आपल्याला हुकूम आस्तोय," मानसिंग म्हणाले.

हे चालू असताना ज्योतिबा जीपच्या सावलीत बसलेले असत. रंगुबाई कामाला येताना त्यांना बरोबर आणायची, डोळ्यासमोर राहावेत म्हणून. पांढरी दाढी, खांद्यावर पंचा, आणि कपाळावर हात धरून डोंगराच्या खिंडीकडे नजर. आमच्या घराच्या मागून त्या खिंडीकडे पायवाट जाते आणि खिंड ओलांडली की धरणाचं पाणी. ते कोणाशी बोलत नसत. मधूनच हात लांब करून टायरच्या खाचेतून बोट फिरवत, जनावराचा खूर तपासावा तसं.

शेवटी टायर निवडले ते माझ्या अण्णाने. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ नेमिनाथ, सांगलीत हळदीचा व्यापार. तो दोन दिवस पाहुणा आला, तक्ता वाचला, आणि चहाची बशी त्याच्यावर ठेवून म्हणाला, "अगं माला, वर्षात पाऊस किती महिने? चार. कोरडं किती? आठ. मग आठाचा विचार करायचा का चाराचा? जिनदत्तराव, तुम्ही काय बी काळजी करू नका. मी बघतो की."

आठवड्याने एस.टी.च्या टपावरून चार नवे टायर आले. हळदीच्या पोत्यांबरोबर बांधल्यामुळे चारी पिवळे झाले होते, त्यामुळे पूजेच्या वेळी हळद वेगळी लावावी लागली नाही. नक्षी बारीक, नाजूक, लांबच लांब रेघांची. इरकली लुगड्याच्या काठासारखी. मानसिंगनी त्यांच्यावरून हात फिरवला.

"डांबरावर नवरीगत चालतील, वहिनीसाब."

"आणि चिखलात?"

त्यांनी जरा विचार केला. "चिखलात बी नवरीगतच चालतील."

हे म्हणाले, अजून वेळ आहे, अण्णांना लिहून बदलून घेऊ. इथे माझी चूक झाली. ती मी लपवत नाही. ते टायर रबराचे आहेत हे मी विसरले आणि ते माहेरचे आहेत एवढंच माझ्या लक्षात राहिलं. माहेरून आलेली वस्तू नवऱ्याच्या शेजाऱ्याने नाक मुरडलं म्हणून परत पाठवायची? मी दोन दिवस ह्यांच्याशी फक्त चंदनामार्फत बोलले, आणि चंदनाला तेव्हा सहाच शब्द येत होते. तिसऱ्या दिवशी टायर बसले.

आता जुने चार उरले. ते अंगणात पडले, त्यांत कोणी खरकटं पाणी ओतलं, त्यात डासांची अंडी झाली, आणि मला हिवताप दिसायला लागला. भंगारवाला घ्यायला तयार होता, पण कॉलनीच्या फाटकावर आकाराम पहारेकरी. प्रकल्पाच्या जीपगाड्यांचे टायर याच नक्षीचे, त्यामुळे हे टायर सरकारी नसल्याचा दाखला पाहिजे. मी चंदनाला कडेवर घेऊन स्टोअरच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने मला समजावून सांगितलं की जी वस्तू आपली आहे तिचाच दाखला स्टोअर देऊ शकतं. जी आपली नाही तिच्याबद्दल स्टोअरला काय माहिती असणार? मी म्हटलं, मग माहिती नाही असं लिहून द्या. तो म्हणाला, माहिती नसल्याचं लिहून द्यायचे अधिकार साताऱ्याला.

फाटकातून परत येताना आकाराम दयेने म्हणाला, "टायर म्हनून न्हाई जाणार बाई. चपला करून न्या की. चपलंला कोन पास मागतंय?"

ही कल्पना मला इतकी आवडली की मी तिथेच त्याला शाबासकी दिली. त्याच दुपारी ज्योतिबा एका सावलीतून दुसऱ्या सावलीकडे उड्या मारत चालले होते, ओठ घट्ट मिटून, आणि माझी चंदना त्यांच्या मागून तशाच उड्या मारत हसत होती. मला ते बघवलं नाही. रंगुबाई नदीवर धुणं धुवायला गेली होती. चपला शिवणारा बोलावला, त्याने रापीने टायर कापला, दोन तासांत जोड तयार. जाड, काळ्या, तळाला तीच लष्करी नक्षी. ज्योतिबांनी पाय घातले, अंगठा हलवून बघितला, आणि आमच्या अंगणात ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"लेकी, पाय निवलं बग. आता घरला जाऊन येतो."

"या हां," मी म्हटलं. दुसरं काय म्हणतात?

संध्याकाळी रंगुबाईने ते पाय बघितले. ती ओरडली नाही. पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "पायातनं काडत्यात का बगती." पण त्यांनी काढल्या नाहीत. त्या घालूनच ते झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर पायरीवर वरवंटा. दगडी, एका बाजूने झिजलेला, आणि ओला. अंगणातल्या फुफाट्यात आमच्या जुन्या टायरच्या खुणा होत्या. क्षणभर वाटलं जीप कोणी हलवली. पण जीप जागेवर होती आणि तिला माहेरचे टायर होते. ह्या खुणा वीतभर लांबीच्या, एकाआड एक, पायरीपासून थेट खिंडीच्या वाटेपर्यंत.

"ज्योतिबांनी ठेवला असेल," हे दात घासत म्हणाले. "कडक उन्हाळ्याने पाणी उतरतं, गावं थोडी उघडी पडतात. गेले असतील, घेऊन आले असतील."

रंगुबाई आली. "मामंजी? रातभर घरातच हुते की. म्या दारात आडवी झोपले हुते."

पुढच्या सकाळी लोखंडी कडी. गंज चढलेली, तिच्यातून पायरीवर पाण्याचा ओघळ आलेला. रंगुबाईने ती उचलली, फिरवली, आणि निखारा हातात आल्यासारखी खाली ठेवली. "बाई, ही आमच्या सोप्याच्या दाराची हाय. हिच्यात माजं बोट सापडलं हुतं, नवीन लगीन झाल्यालं तवा." तिने बोट दाखवलं. नखावर व्रण होता.

ह्यांनी या सगळ्याचा शास्त्रशुद्ध निकाल लावायचं ठरवलं. रजिस्टर घरी आणलं, जुन्या गावांच्या उंचीचा नकाशा आणला, पट्टी लावली. पुन्हा लावली. मग रजिस्टर मिटून पेन्सिल कानावर ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही. रजिस्टरप्रमाणे त्या गावावर अजून तीस फूट पाणी आहे."

"रजिस्टर चुकलं असेल."

"रजिस्टर मी लिहितो," हे म्हणाले. त्यांना इतकं दुखावलेलं मी टायरच्या भांडणातसुद्धा बघितलं नव्हतं.

मी मानसिंगना बोलावलं. फौजी माणूस, खुणा वाचायची सवय. ते उकिडवे बसले, एक-दोन ठशांवर बोट ठेवलं, पंचवीस पावलं वाटेने गेले, परत आले.

"गेला का आला म्हनाल तर ह्या नक्षीला इचारून उपेग न्हाई."

"पण गेले आणि आले, म्हणजे दोन रांगा पाहिजेत ना?"

"व्हय."

"किती आहेत?"

"कालची येक. आजची येक." ते उभे राहिले, आणि घरात जाऊन टोपी घालून बाहेर आले. टोपी कशासाठी ते मी विचारलं नाही. कडेवरच्या चंदनाला मात्र जरा घट्ट धरलं.

मी घाबरट आहे असं आमच्याकडे सगळे म्हणतात. पण घाबरट माणूस निदान मोजून घाबरतो. मी रोज रात्री दोन्ही दारांच्या कड्या तीनतीनदा बघत होते. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि चंदनाचा आवाज आला. मागच्या दाराची कडी काढलेली. त्या कडीपर्यंत तिचा हात पोचत नाही. माझासुद्धा टाचा उंचावल्याशिवाय पोचत नाही. चंदना उंबऱ्यावर बसली होती. तिच्या हातात बेंदराला पुजतात तसला मातीचा बैल होता.

"आबा ओले," ती म्हणाली. तिचा सातवा शब्द आणि आठवा.

मी बैल तिच्या हातातून काढून घेतला. भाजलेला नव्हता. कच्च्या मातीचा होता, बोटांचे ठसे अजून पाठीवर होते, आणि पाण्याने निथळत होता. असला बैल बादलीत टाकला तर चहा उकळेपर्यंत त्याचा चिखल होतो. याची शिंगंसुद्धा शाबूत होती.

त्या दिवशी मी रंगुबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. चपला कशा काडायच्या तेवडं सांगा." आम्ही ठरवलं की संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्यांना धरायचं आणि वाद्या कापायच्या. ज्योतिबा जीपच्या सावलीत बसून ऐकत होते, की नव्हते. आपल्यासमोर बसलेल्या माणसाच्या पायांचा बेत त्याच्यासमोरच करू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती.

पाच वाजता रंगुबाई धावत आली. "मामंजी न्हाईत!"

हे नुकतेच कचेरीतून आले होते. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो, तेव्हा पानं वाढलेली होती. ती तशीच झाकली. चंदनाला मानसिंगांच्या घरी दिलं आणि मानसिंगना गाडीत घेतलं. रंगुबाई मागे, मी मागे, हे चालवायला. खिंडीपर्यंतच्या पक्क्या सडकेवर माहेरचे टायर असे धावले की एवढ्या काळजीतसुद्धा मला अण्णाचा अभिमान वाटला. मग सडक संपली.

खिंडीच्या पलीकडे पाणी उतरून गाळ उघडा पडला होता. वरून वाळलेला, भेगाळलेला, खाली मऊ. दोन फर्लांगांवर पाण्याची रेघ. आणि मध्यावर ज्योतिबा, खांद्यावर पंचा टाकून, बाजाराला निघाल्यासारखे चालले होते.

"आवं मामंजी! आवं थांबा की!" रंगुबाईने हाक मारली. ते वळले नाहीत.

ह्यांनी दुसरी दांडी ओढली आणि गाडी गाळात घातली. वीस हात गेलो. मग चारी चाकं एकमताने जागच्या जागी फिरायला लागली. इरकली काठ चिखलाने भरून गेला, गाडी धुरळ्यासारखा चिखल उडवत बुडापर्यंत बसली. आम्ही बसल्या जागी थरथरत होतो. आणि समोर आमचे जुने टायर, ज्यांना मी अंगणातून घालवायला धडपडत होते, ते संथपणे, एकदाही न रुतता, पुढे पुढे जात होते.

मानसिंग उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. हे उतरले, मांडीपर्यंत गेले. मी आणि रंगुबाई गाडीच्या टपाच्या दांड्याला धरून उभ्या राहून हाका मारत होतो. पाण्यावरून पांढरट वाफ सरकत आली. एके ठिकाणी खडकाची सोंड पाण्यात शिरली आहे; तिच्यामागे ज्योतिबा गेले. सावकाश गेले. पळणाऱ्या माणसाला निदान थांबवता येतं.

मानसिंगना सोंडेपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. ते तिथे उभे राहिले, खाली बघत. मग नुसतेच परत फिरले.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "खुणा हायत्या. येक रांग. सरळ पान्यापातूर."

"पाण्यात गेल्यात ना?" रंगुबाईने विचारलं.

मानसिंग चिखलाचा बूट दगडावर घासत राहिले. त्या रात्री घरी वाढलेली पानं आम्ही तशीच ठेवली. दिवस मावळला होता. आणि नसता मावळला तरी कोण जेवणार होतं?

दोन दिवस प्रकल्पाच्या होडीने शोध घेतला. काही मिळालं नाही. ठाण्यात तक्रार द्यायला रंगुबाईबरोबर मी गेले, कारण मी शिकलेली. छापील कागदावर एक रकाना होता: कोठे जाण्यास निघाले होते? मी गावाचं नाव लिहिलं. जमादारांनी यादी काढली, बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. "या नावाचं गाव नाही."

"होतं," मी म्हटलं.

"होतं तिथं माणूस जात नाही, बाई. आहे असं काहीतरी लिवा." शेवटी रंगुबाईने सांगितलं, "घरी, आसं लिवा." तेही जमादारांनी खोडलं.

जीप गाळातच होती. ओढायला प्रकल्पाचा ट्रॅक्टर होता, पण खाजगी गाडीसाठी सरकारी ट्रॅक्टर वापरायची परवानगी साताऱ्याहून यायला हवी होती. ती आली. बावीस जूनला आली, तीन शिक्क्यांसह. तोवर पाणी चढलं होतं. हे रोज रजिस्टर लिहून घरी येतात आणि मी विचारण्याच्या आतच सांगतात. काल सांगितलं, जीपवर अकरा फूट. अण्णाला मी अजून कळवलेलं नाही. तो पत्रातून विचारतो, टायर कसे आहेत, आणि मी लिहिते, अजून नव्यासारखे आहेत. चंदनाचा घसा अजून तरी ठीक आहे. रात्री मी तिच्या छातीवर कान ठेवून झोपते.

रंगुबाईने काम सोडलेलं नाही. पण भांडी घासताना आता ती माझ्याशी बोलत नाही, आणि काही सांगत तर अजिबात नाही. गेल्या सोमवारी मात्र ती दारात उभी राहिली. रहिमतपूरला ज्योतिबांची धाकटी लेक दिली आहे, दगडाबाई. तिचा निरोप आला होता. आबा आमच्याकडे येतात, असा निरोप. दिवस कलताना अंगणात येतात. पाणी दिलं तर घेत नाहीत, घरात या म्हटलं तर येत नाहीत. जाताना कोणी बघितलेलं नाही. दगडाबाईला वाटतंय की भावजयीचं आणि त्यांचं काही बिनसलं असावं, म्हणून रुसून आलेत. आणि रंगुबाईने बापाची हेळसांड केली असंही निरोपात होतं.

"जिवंत आहेत म्हणजे!" मी म्हटलं.

रंगुबाईने मान हलवली. "दगडाबाई म्हनती, तिकडं थेंब न्हाई पावसाचा. आन् मामंजी येत्यात तवा अंगन सारवावं लागतंय."

तिचा नवरा निघाला होता, पण कराडच्या रस्त्यावर दरड आली आहे आणि आठ दिवस एस.टी. बंद आहे. आमच्याकडे गाडी नाही. पत्र टाकलं तर दगडाबाईला वाचता येत नाही, आणि शेजारी वाचून दाखवतील ते सगळ्या गावाला वाचून दाखवतील.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी रहिमतपूरचं असेल, किंवा त्या बाजूला लग्नाकार्याला, बाजाराला जाणार असेल, तर एवढं करा. स्टेशनाकडून गावात येताना पिठाची गिरणी लागते. तिच्या मागे शेवटचं घर, दारात शेवग्याचं झाड. दिवस कलताना जा. मुलांना बरोबर नेऊ नका. म्हातारे अंगणात असतील तर त्यांना काही देऊ नका, कुठून आलात म्हणून विचारू नका, आणि दगडाबाईलाही काही सांगू नका. ते उभे आहेत की बसलेत, तेवढं बघा. आणि त्यांच्या अंगावरचे कपडे वाळलेत का, ते एका कार्डावर लिहून मला कळवा.